चिंचेपासून वडापर्यंत

मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या आणि दुपारची शांतता मोडली. सायलीला नुकतंच निजवलं होतं. तिच्या पाठीवर थोपटणारा माझा हात तसाच थांबला. घाटात सुरुंग उडाला की आधी आमच्या ताटल्या वाजतात, मग आवाज येतो. जमीन कानाआधी ऐकते, असं मामा म्हणतात. मामा म्हणजे माझे सासरे, आप्पासाहेब.

पोर काही जागी झाली नाही. पण डोंगरातून धूळ उठली आणि थोड्या वेळानं पत्र्यावर धपाधप उड्या पडू लागल्या.

"आले का?" ओसरीतून आत्याबाईंनी विचारलं. माझ्या सासूबाई, गोजरबाई, बाजेवर पाय लांब करून गुडघ्यांना तेल चोळत बसल्या होत्या.

"आले."

"कितीक हायेत?"

"आत बसून कसे मोजू आत्याबाई, पत्र्याखालून?"

"पाय वाजतेत ते मोज आन् चारनं भाग. शाळा शिकलीस ना?"

मी हसले. त्याही हसल्या. पण वानरं भेदरून घरावर येणं हे हसण्यासारखं नव्हतं, हे दोघींनाही कळत होतं. वर कौलं असती तर एव्हाना चुरा झाला असता.

आमची वस्ती सहा घरांची, कन्नडच्या पुढं घाटाच्या तोंडाशी. रस्त्याच्या अलीकडं आम्ही, पलीकडं डोंगर आणि रान. देवगाव रंगारीहून लग्न होऊन मी इथं आले तेव्हा रस्ता दुपदरी होता आणि दोन्ही कडांना चिंचा, वड, लिंब. फांद्या वर एकमेकींत अशा गुंतलेल्या की वैशाखातसुद्धा मोटरसायकलवर डोक्यावरून पदर घ्यावा लागत नसे. वानरं त्या फांद्यांवरूनच ये-जा करायची. सकाळी इकडं, आमच्या मागच्या ओढ्याच्या डोहावर; ऊन कललं की परत डोंगरात. खालून जाणाऱ्या ट्रकवाल्यांना पत्ताही नसायचा की आपल्या टपावरून एक अख्खं कुटुंब पाणी प्यायला चाललंय.

मार्गशीर्षात झाडं गेली. आधी बुंध्यांवर लाल रंगाचे आकडे आले, मग करवती आल्या. आठ दिवस वस्तीत ओल्या लाकडाचा वास होता. दोनच झाडं राहिली. एक आमच्या बांधावरची चिंच, हद्दीच्या दगडापासून हातभर आत होती म्हणून. दुसरा पलीकडचा वड, डोंगराच्या अंगाला होता म्हणून. मधे चौपदरी रस्त्याची उघडी छाती. मामांनी पावलांनी मोजलं तर चाळीस पावलं भरली.

माझा नवरा गोकुळ याच रस्त्याच्या कामावर पाण्याचा टँकर चालवतो. त्यामुळं आमच्या घरात रस्त्याला नावं ठेवताना आवाज जरा खालीच ठेवावा लागतो.

आता सायलीचं सांगते. ती सातव्या महिन्यात झाली. शहरातल्या मोठ्या घाटी दवाखान्यात बावीस दिवस काचेच्या पेटीत होती, आणि मी काचेला नाक लावून तिचं पोट खालीवर होतंय का ते बघत होते. आत्याबाई बाहेर पायरीवर बसून असायच्या. तिथं बसूनच त्यांनी मारुतीला बोलून ठेवलं: पोर जगली तर दर शनिवारी तिच्याच हातून वानरांना घास घालीन. पोर जगली. दोन वर्षांची झाल्यावर आत्याबाईंनी तिच्या मुठीत भाकरीचा पहिला तुकडा दिला. तेव्हापासून शनिवार चुकला नाही. ताप असला तरी कडेवर घेऊन घास घातलाय. आता ती पाच वर्षांची आहे. घास चिंचेखाली असायचा. वानरं वरून उतरायची, खायची, वर चढायची. मधे रस्ता यायचाच नाही.

झाडं गेल्यावर रस्ता मधे आला.

फाल्गुनातल्या एका शनिवारी घास खाऊन कळप परत निघाला होता. पुढची चारपाच पळत पलीकडं गेली. मागे राहिलेल्या मादीच्या पोटाशी पिलू होतं, ती दुभाजकापाशी थांबली, आणि मग निघाली ती चुकीच्या वेळी निघाली. गाडी थांबली नाही. मी ओसरीतून पाहिलं ते एवढंच, की दुसरी एक मादी उलटी पळत आली, मेलेलीच्या पोटाखालून पिलू ओढून काढलं, आपल्या पोटाला लावलं आणि वडावर गेली. मी सायलीचे डोळे झाकले होते. माझे कोण झाकणार.

आमच्याकडं वानर मेलं की माणसासारखं करतात. नानासाहेब हे वस्तीतले वडीलधारे. अशा कामात ते कधी मागं नसतात. त्यांनी तिरडी बांधून घेतली. आत्याबाईंनी पेटीतला नवा हिरवा खण काढून मादीवर घातलं, कुंकू लावलं. रस्त्याच्या कडेला खड्डा झाला. वस्तीतल्या दोघांनी डोकी भादरली. आणि तेराव्या दिवशी जेवण झालं: पोळ्या, वरण, लापशी. आधी वानरांचं पान, मग माणसांचं. पान कुठं मांडायचं? जिथं ती गेली तिथंच मांडायचं असतं. नानासाहेबांनी तिथं रस्त्याच्या कडेला एक दगड रोवला, आत्याबाईंनी शेंदूर लावला. वानरं रस्त्यावर उतरली आणि दगडापाशी बसून लापशी खाऊ लागली. बायकांनी हात जोडले. मीही जोडले. हे खोटं सांगणार नाही.

त्या दिवसापासून दगडाचं ठाणं झालं. जाणारे येणारे गाडी हळू करून केळी फेकायचे. कुणी बिस्किटाचा पुडा फोडून टाकायचं. वानरं सकाळपासून दगडाभोवती. आणि आत्याबाईंनी आपला शनिवार चिंचेखालून उचलून दगडापाशी नेला.

"आत्याबाई, चिंचेखालीच बरं होतं."

"तिच्या जाग्यावर तिच्या लेकराला घास गेला पाह्यजे. माझ्या घासापायी गेली ती."

"म्हणूनच म्हणते. घासापायीच गेली. आता रस्त्यातच घास ठेवल्यावर—"

"तू मला शिकवू नको, रूपा. तुझी पोर पेटीत व्हती तव्हा तू रडत व्हतीस. बोलले मी व्हते."

 मी यांना सांगितलं. हे टँकरखालून ग्रीसचे हात पुसत बाहेर आले.

"मी आईला सांगू? मला म्हणती, तू रस्त्यावाल्यांचा मानूस."

"मग मामांना सांगा."

"आबा तर तिला चाळीस वर्षं काय बोलले नायत. आता काय बोलतेन."

मग मीच शनिवारी सोबत जाऊ लागले. सायलीचा फ्रॉक मागून मुठीत धरून उभी राहायची. आत्याबाईंना त्याचा राग यायचा. "दावं बांध तिला," म्हणायच्या. मला खरंच बांधावंसं वाटायचं.

चैत्रातला तो शनिवार. दहा वाजले असतील. ऊन डांबरावर चढलं होतं. सायलीच्या हातात ताटली, ताटलीत भाकरीचे तुकडे आणि गूळ. एका अर्धवट वयाच्या वानरानं हात घातला, ताटली कलंडली आणि कडेवर उभी राहून गोल फिरत रस्त्यावर गेली. सायली हसली आणि ताटलीमागं पळाली. माझ्या मुठीत फ्रॉकचं बटण आणि चिंधी राहिली.

ब्रेकचा आवाज माझ्या दातांत शिरला. मक्यानं भरलेला ट्रक तिरपा होत होत आला आणि थांबला. सायली आणि बंपर यांच्यात एक हात जागा होती. ताटली चाकाखाली पापडासारखी झाली होती.

मी तिला कसं उचललं ते मला आठवत नाही. ड्रायव्हर खाली उतरला. माझ्यापेक्षा लहान असेल. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो सरळ आत्याबाईंकडं वळला.

"अम्मा, बच्ची को मारना है क्या? खिलाने का शौक है तो घर में बुला के खिलाव ना. रोड पे कायको दस्तरखान बिछाए?"

वस्ती गोळा झाली होती. आत्याबाईंच्या हातात चतकोर भाकरी तशीच होती. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांना परक्या माणसानं असं चारचौघांत बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी पदर पुढं ओढला. नानासाहेब त्याला काही म्हणायला पुढं झाले तर आत्याबाईंनीच हात आडवा केला. तो पोरगा मग ट्रकच्या पायरीवर खाली बसला. मी सायलीला कडेवर घेऊनच त्याला तांब्याभर पाणी दिलं. अर्धं सांडलं, अर्धं प्याला.

"मेरी भी इत्तीच है," तो सायलीकडं न बघता म्हणाला.

तीन दिवस आत्याबाईंना अन्न गोड लागलं नाही. भाकरी पुढं ठेवली तर अर्धी खायच्या, अर्धी गाईला. चौथ्या दिवशी मी त्यांचे गुडघे चोळत होते तेव्हा एकदम म्हणाल्या, "नवस कशापायी व्हता गं? पोर जगावी म्हून."

"हो."

"आन् मीच तिला चाकाखाली घालत व्हते."

"असं नका म्हणू."

"म्हणू नको तर काय करू? नवस मोडावा तर भ्या वाटतं. पाळावा तर भ्या वाटतं. मारुतीनं मला कुठंच उभं ऱ्हाऊ दिलं नाय."

मामा कोपऱ्यात विळ्याला धार लावत होते.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याहून आले तर आत्याबाई जमिनीवर पोत्यावर बसलेल्या आणि मामा त्यांची बाज उसवत होते. काथ्याचा दोर सरसर निघत होता.

"बघ गं, मानूस चळला," आत्याबाई म्हणाल्या. "कामून उसवू ऱ्हायले?"

"विनायचीय."

"चांगली तर व्हती."

"तुला न्हाय. त्यांना." मामांनी हनुवटीनं रस्त्याकडं दाखवलं. "वड आन् चिंच. मधी बाज टाकायची. लांब."

मामांच्या हाताला विणकाम आहे. पंचक्रोशीत कुणाची बाज सैल झाली तर मामांना बोलावणं यायचं. पण चाळीस पावलांची बाज कुणी विणली नव्हती. त्यांनी आलं काढून मोकळ्या झालेल्या वावरात खुंट ठोकले, दोन जाड दोर ताणले आणि मधे हातभर रुंदीची वीण सुरू केली. घरातल्या दोन्ही बाजा गेल्या. मग वस्तीतल्या बाकीच्यांनी आपापल्या मोडक्या बाजा आणून टाकल्या, उरलेला काथ्या कन्नडच्या बाजारातून आला. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी गाय पिळायच्या आधी मी दोराला पीळ देत असे. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले, पाचव्या दिवशी फुटले. सायलीनं फुंकर घातली आणि मामांना ओरडली, "आबा, मम्मीचे हात उसवले."

नानासाहेब रोज येऊन बांधावर टेकायचे.

"आप्पा, वानरांना झोका बांधतूस का?"

"तुला बसायचं असंल तर तुझ्याबी मापाचा विनतो."

"सरकारच्या रस्त्यावर बांधू देतेन का?"

"रस्ता सरकारचा. आभाळ कुनाचं ते इचारून येतो."

विचारायला यांनाच जावं लागलं. कामावरचे इंजिनियर शंतनू साहेब, गारखेड्याचे, सव्वीस-सत्तावीसचे. एका संध्याकाळी ते स्वतःच यांच्यासोबत वावरात आले. डोक्यावरचं हेल्मेट काढलं तर केस घामानं चिकटलेले. ताणलेल्या विणीवरून त्यांनी हात फिरवला.

"काका, याला वरून मंजुरी लागेल. मी कागद पाठवला तर पावसाळा होऊन जाईल."

"मग नका पाठवू," मामा म्हणाले.

"असं नसतं हो. उद्या हे तुटून एखाद्या गाडीवर पडलं तर?"

"तुटन म्हणता?" मामांनी विणीच्या मधोमध चक्क उडी मारून बसकण मारली. बासष्ट वर्षांचा माणूस. खुंट कुरकुरले, वीण नाही. "बसा तुमीबी."

साहेब बसले नाहीत, पण हसले. मग गंभीर झाले. "नुसत्या काथ्यावर नाही. ऊन-पावसानं कुजेल. वर वायरचा दोर पाहिजे, त्याला हे लटकवायचं. गोकुळ, मोडलेल्या क्रेनची वायर पडलीय ना? ती घे. आणि उंची मी मोजणार. साडेसात मीटरच्या इंचभर खाली आली तर मी स्वतः कापून टाकीन. आणि वनखात्याच्या माणसाला मी फोन करतो, तो येऊन बघून जाईल. दरवर्षी उन्हाळ्यात गाठी तपासायच्या, हे मला लिहून द्या."

"लिहून रूपा देईल," मामा म्हणाले. "अंगठा माझा."

वनरक्षक आले, दोन्ही झाडांना हात लावून बघून गेले, कागदावर सही करून गेले. पुढच्या रविवारी एका बाजूची वाहतूक बंद होती, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत हायड्रा क्रेन आली. हे वडावर चढले, मामा चिंचेवर. मी खाली चढवायचा दोर सोडत उभी होते, मान वर करून, आणि मामांचे पाय फांदीवर सरकताना दिसले की दोर आणखी घट्ट धरत होते. ऊन असं की क्रेनचा लोखंडी हात डोळ्यांना बोचत होता. साहेबांनी टेप धरून तीनदा मोजलं. आठ मीटरला बोटभर कमी. ते स्वतःच "बास" म्हणाले. मामा खाली उतरले आणि तासभर चिंचेला पाठ लावून बसले. बाज वर वाऱ्यावर हळू हलत होती, चिंचेपासून वडापर्यंत.

आणि वानरं वर गेलीच नाहीत.

एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. वानरं वडावर यायची, बाजेचा दोर हुंगायची, कळपाचा मोठा नर तो दोन्ही हातांनी हलवून बघायचा आणि मग सगळी खाली उतरून दगडाकडं पळायची. नानासाहेबांना तर सणच. "आप्पा, त्यांना गादी टाक, उशी टाक."

नवव्या दिवशी मामा जेवता जेवता थांबले. चाळीस वर्षांत बोलले नव्हते ते तेव्हा बोलले. आवाज चढवून नाही.

"खाली ताट वाढलंय. वर कोन चढंल?"

 त्या ट्रकनंतर आत्याबाईंनी शनिवारी जाणं बंद केलं होतं, तीन शनिवार घास गाईला घातला होता आणि तिन्ही रात्री त्यांना झोप नव्हती. पण दगड तिथंच होता आणि दगडापुढं केळी पडतच होती. शेंदूर असेपर्यंत पडणारच होती.

जेवण झाल्यावर त्यांनी हात धुतले, काठी घेतली आणि निघाल्या. मी मागं पळाले. दगडापाशी दोन मोटरसायकलवाले बिस्किटं टाकत होते. आत्याबाई खाली बसल्या, म्हणजे गुडघ्यांवर पडल्याच, आणि दोन्ही हातांनी दगड हलवायला लागल्या.

नानासाहेब पलीकडून ओरडत आले. "गोजरबाई, देवाचा दगड हाय तो. उचलू नाय."

"म्या शेंदूर लावला. म्याच उचलते."

"पाप लागंल."

"लागू द्या. मला लागंल, तुमाला नाय." दगड निघत नव्हता. त्यांच्या नखांत माती शिरली होती. "ती बया पोटाशी पोर धरून मेली, नाना. मी तिच्या लेकराला तिथंच बोलवू ऱ्हायले रोज. ह्याला काय म्हणतेत?"

नानासाहेब उभे राहिले. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी धोतर सावरलं, खाली वाकले आणि एका बाजूनं दगडाला हात घातला. "तिकडून धर," मला म्हणाले. तिघांनी मिळून उचलला. दगड चिंचेखाली नाही, पार मागं ओढ्याच्या काठावर नेऊन ठेवला. वाटेत नानासाहेब दोनदा टेकले आणि दोन्ही वेळा म्हणाले, "आप्पाला सांगू नका." हे येऊन उरलेली केळी, बिस्किटं, साली फावड्यानं गोळा करून घेऊन गेले. चार दिवस टँकर जाता-येता ते रोज तिथं थांबत आणि नवं पडलेलं उचलत. फेकणाऱ्यांना सांगत, "इथं नका टाकू दादा, मरतेत." काही ऐकायचे, काही शिवी द्यायचे.

त्या शुक्रवारी आत्याबाईंनी मला जवळ बसवलं.

"उद्या तू ने पोरीला. रस्त्याखालच्या मोरीतनं पलीकडं जायचं, डोंगरातल्या त्या आटलेल्या तळ्यापोत. रस्ता दिसणार नाय इतकं आत. तिथं तिच्या हातानं घास ठिव आन् मागं न बघता ये. उभं ऱ्हायचं नाय, हाळी द्यायची नाय."

"आणि तुम्ही?"

"हे गुडघे तळ्यापोत येतेत का? गुडघ्यांपायीच तर मी रस्त्यावर मांडून बसले व्हते." त्यांनी तेलाची बाटली उगाच पुसली. "नवस पोरीच्या हातचा हाय. माझ्या हातचा कव्हा व्हता."

मला भरून आलं, पण त्यांना ते आवडलं नसतं, म्हणून मी म्हणाले, "गूळ किती घेऊ?"

"गूळ नको. त्यांचे दात किडतेत म्हनं. तो वनवाला सांगत व्हता."

शनिवारी आम्ही मायलेकी मोरीतून वाकून पलीकडं गेलो. मोरीत गार होतं, डोक्यावरून ट्रक गेला की छातीत घुमायचं. सायलीनं तळ्याच्या काठी भाकरी ठेवली, मी तिचा हात धरला आणि आम्ही मागं वळून न बघता आलो. म्हणजे ती एकदा वळली. मीही.

त्यानंतरचा बुधवार. चिंचेला कोवळा पाला फुटला होता, लालसर, पातळ. मी परसात कपडे पिळत होते.

"रूपा." आत्याबाईंचा आवाज इतका हळू की मला वाटलं त्यांना काही होतंय. "वाजवू नको काही. ये इकडं."

मी ओल्या हातांनी ओसरीत आले. बाजेच्या मधोमध एक बारकं वानर पोट टेकून पडलं होतं. चारी हातपायांनी वीण घट्ट धरलेली, शेपूट खाली लोंबत. खालून कंटेनर गेला, त्याच्या वाऱ्यानं बाज हलली, वानर आणखी चिकटलं.  सायली माझ्या मांडीला बिलगली. मग त्या बारक्यानं एक हात सोडला, पुढं टाकला. मग दुसरा. आणि शेवटचे आठदहा हात तर ते उभं राहून पळालं आणि चिंचेच्या पाल्यात शिरलं. पाला खाल्ल्याचा आवाज आम्हाला ओसरीत ऐकू आला.

मग दुसरं निघालं. मग दोन एकदम, एकमेकांच्या शेपटावर पाय देत. वडावर जणू रांग लागली. मोठा नर सगळ्यात शेवटी, तोही मधे थांबून खालच्या गाड्यांकडं बघून, मग काही विशेष नाही अशा थाटात.

आत्याबाई रडत होत्या आणि हसत होत्या. "चालले गं. चालले बघ कसे. माझ्या बाजंवरून."

मामा दारात उभे होते. ते वानरांकडं बघतच नव्हते. चिंचेवरच्या गाठीकडं बघत होते. शेवटचं वानर उतरल्यावर म्हणाले, "सरकली नाय."

"चहा टाक," आत्याबाई मला म्हणाल्या. "सगळ्यांना. नानालाबी बोलव. बोलंल दोन शब्द, बोलू दे."

दुपारी हे जेवायला आले तेव्हा सायलीनं त्यांना तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी वानरांची संख्या वाढवून. हे हसत हसत ऐकत होते. माझ्या खांद्यावरून महिनाभराचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं होतं. भाकरी थापताना मी गुणगुणते आहे हे मला आत्याबाईंच्या बघण्यावरून कळलं. पान वाढलं. यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "सोमवारपासून टँकर पुढं न्यायला सांगितलंय. इथलं झालं. घाटाच्या पल्याड काम सुरू."

"तिकडं पण झाडं काढली का?" मी विचारलं.

"कव्हाच. दोन्ही बाजूला एकबी नाय ठेवलं. सपाट झालंय."

सायलीनं ताटातून हात काढला. तिच्या बोटांना वरण होतं. तिनं आधी यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मम्मी, जिथं बाज बांधायला झाडच नाय, तिथली वानरं कशी जातेत?"